तुझं जन्मवजन किती होतं?

दहावीचे टक्के, सीईटीचा स्कोअर, इन्स्टावरचे फॉलोअर्स... आपल्याला सगळे आकडे तोंडपाठ असतात. पण जन्मलात तेव्हा तुमचं वजन किती होतं, माहितीये?

मलाही नव्हतं माहीत. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला सहाव्या महिन्यात गरोदरपणातला डायबेटिस निघाला आणि घरात जणू कोर्टच भरलं. 'डोहाळे म्हणून किती गोड खाल्लंस!', 'दिवसभर लॅपटॉपसमोर बसून दुसरं काय होणार?' ताई मुळात काटकुळी. ती बिचारी गप्प. डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं, 'तुमचं स्वतःचं जन्मवजन किती?' मावशीने जुनी फाईल शोधली. दोन किलो शंभर ग्रॅम.

अडीच किलोपेक्षा कमी म्हणजे कमी वजनाचं बाळ. पोटात पुरेसं पोषण मिळालं नाही, तर बाळाचं शरीर आधी मेंदू सांभाळतं. स्नायू आणि इन्शुलिन बनवणारं स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. एरवी निभावून जातं. पण गरोदरपणात वारेतल्या हार्मोन्समुळे इन्शुलिनचा परिणाम कमी होतो आणि शरीराला ते जास्त बनवावं लागतं. तिथे हे मुळातलं तुटपुंजं भांडवल कमी पडू शकतं. नॉर्वे, स्वीडन, अमेरिकेतल्या अभ्यासांतही कमी वजनाच्या जन्मलेल्या बायकांमध्ये हा धोका जास्त दिसला आहे.

आपल्याकडचं चित्रही बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हलकी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे 'बारीक आहे, तिला कसला डायबेटिस!' हे आपल्याकडे तरी चालत नाही. याच गावांत ज्या आयांच्या आहारात पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा होती, त्यांची बाळं जरा मोठी भरली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. डायबेटिस निघाला की पोरीच्या ताटाकडे बोट दाखवणं बंद करा. आणि आता मावशीलाही पिंजऱ्यात उभं करू नका. ताईच्या वेळी ती एकत्र कुटुंबात सगळ्यांची पानं झाल्यावर उरलंसुरलं जेवायची. तो नियम तिने केला नव्हता.

यावर माझी मैत्रीण भडकली. 'म्हणजे आम्ही नीट खायचं ते भावी आया म्हणून?' नाही गं! आधी स्वतःसाठी खायचं. मुलांनो, तुम्हीही ऐका. कमी जन्मवजनाच्या पुरुषांनाही पुढे डायबेटिसचा धोका जास्त असतो. पण नाश्त्याला फक्त कॉफी आणि झिरो फिगरसाठी उपाशी राहणं, हा खेळ आपल्या पिढीतल्या मुली जास्त खेळतात. घरी शेवटी जेवणं थांबलं, तर हॉस्टेलवर न जेवणं सुरू झालं.

धोका म्हणजे नशीब नव्हे. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर बघायची असते आणि ती ठीक निघाली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. वेळेत कळलं तर आहार, चालणं आणि गरज पडल्यास औषधांनी साखर आटोक्यात राहते. ताईची राहिली. बाळ २ किलो ९०० ग्रॅमचं झालं.

आज घरी गेलात की आईला विचारा आणि आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. पुढे डॉक्टरांनी नाही विचारला, तरी आपण सांगायचा. माझा २ किलो ३०० आहे. मी उद्यापासून डबा घरी विसरणार नाहीये.