श्रमिकांच्या घरांतलें हंसें

हास्यरस बहुधा स्त्रियांच्या व नीच प्रकृतीच्या पात्रांच्या ठायीं आढळतो, असें भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत म्हटलें आहे. हा संकेत प्रेक्षकांच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, रंगभूमीवर मजूर दिसतांच ते त्याला हंसण्याची तयारी करूनच बसतात. अमेरिकेंतील ‘रोझॅन’ या कौटुंबिक विनोदी मालिकेनें हा क्रम उलटा केला. तींत गरीब माणसेंच हंसतात, आणि आपणांस त्यांच्याबरोबर हंसावें लागतें.

ही मालिका १९८८ सालीं सुरू होऊन १९९७ पर्यंत चालली. इलिनॉय संस्थानांतील लॅनफर्ड या कल्पित गांवीं कॉनर कुटुंब राहतें. डॅन घरबांधणीचीं कामें घेतो, त्याची पत्नी रोझॅन प्लॅस्टिकच्या कारखान्यांत खपते, पदरीं तीन मुलें. पैशाची ओढाताण हा तर त्या घरांतला जणूं सहावा माणूस! बिल थकल्यामुळें वीज तोडली जाते, तरी अंधारांतही थट्टा चालूच असते. मात्र डॅनचें मोटरसायकलींचें दुकान बुडतें व थोरलीच्या कॉलेजास पैका उरत नाहीं, तेव्हां ती रागानें पळून जाऊन लग्न करते. तेथें थट्टा थांबते.

आमच्या मतें मालिकेचें मर्म १९८९ मधील एका भागांत आहे. कारखान्यांतील नवा वरिष्ठ रोजच्या कामाचा आंकडा वाढवितो. आंकडा उतरवा, मी तोंड आवरीन, असा करार रोझॅन त्याच्याशीं करते. ती शब्द पाळते, तो मोडतो. तेव्हां ती व तिच्या सोबतिणी काम टाकून बाहेर पडतात. या बाणेदारपणाची किंमत मालिका लपवीत नाहीं. पुढें रोझॅनला केशभूषेच्या दुकानांत केर काढावा लागतो, उपाहारगृहांत ताटें वाहावीं लागतात.

ही माता फटकळ आहे, हा आक्षेप खरा. मुलांची वाणी शुद्ध करण्यांत हयात घालविलेल्या आम्हांसही तें प्रथम रुचलें नाहीं. परंतु एकदां रागाच्या भरांत धाकट्या मुलास मारल्यावर तीच त्याची क्षमा मागते. कारण बापाचा मार तिनें स्वतः सोसलेला असतो. गोड बोलणाऱ्या किती घरांत वडील माणसें मुलांपुढें चूक कबूल करतात?

मालिकेंत उणेंही आहे. शेवटच्या वर्षीं कुटुंबास लॉटरी लागते आणि कथेंतला जीवच जातो. २०१८ सालीं मालिका पुनः सुरू झाली, पण मुख्य नटीच्या वर्णद्वेषी उद्गारामुळें त्याच वर्षीं बंद पडली. जिनें श्रमिकांचा मान जगापुढें मांडला, तिनें दुसऱ्याचा मान राखूं नये, हें शोचनीय होय. तथापि त्यायोगें पूर्वींच्या कृतीचें मोल कमी होत नाहीं.

वाचकहो, आपल्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई एखाद्या दिवशीं उशिरा येऊन उलट उत्तर देते. तेव्हां आपणांस तिचा स्वर तेवढा ऐकूं येतो. तिच्या घरीं आदल्या रात्रीं काय घडलें, हें विचारण्याचें आपणांपैकीं कितीजणांस सुचतें?