बल्लारशाहवरून काय जातंय, हे आम्हाला कळायला नको?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. पण वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, यापैकी कुठेही रुळाजवळ राहत असाल तर पूर्ण वाचा.

१९ मे २०२२ ची रात्र आठवते? चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ इंधनाचा टँकर आणि लाकडाचा ट्रक धडकले. नऊ जण जळून गेले. तो एकच टँकर होता, तोही जंगलातल्या रस्त्यावर. रेल्वेच्या एका तेलाच्या वॅगनमध्ये सत्तर हजार लिटरच्या आसपास माल मावतो आणि अशा पन्नासेक वॅगनची एक मालगाडी असते. दिल्ली-चेन्नई हा देशाचा मुख्य मार्ग आपल्या घरांना चिकटून जातो. तेलाच्या नि गॅसच्या टाक्या आपण रोज बघतो, फाटक उघडायची वाट बघत उभे राहतो आणि घरी जातो.

आता कोणी म्हणेल, "मग काय रेल्वे बंद करायची?" नाही बाबा. हाच माल रस्त्यावर आला तर जास्त माणसं मरतील. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांनी काय केलं, ते गडचिरोलीकरांना विचारा. माल रेल्वेनेच जावा. माझं म्हणणं एवढंच आहे की जो धोका आमच्या दारावरून जातो, त्याची माहिती आणि त्यातून वाचायची तयारी आम्हाला मिळाली पाहिजे.

ही काही मेहेरबानी नाही, कायद्यातच आहे. भोपाळनंतर जे नियम झाले त्यात १९९६ चे रासायनिक अपघातांबाबतचे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येत कारखान्यातला अपघात येतो तसाच वाहतुकीतलाही येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट असावा, त्याची बैठक दर ४५ दिवसांनी व्हावी, वर्षातून एकदा तरी पूर्ण सराव व्हावा, असं त्यात लिहिलंय. मग सांगा, तुमच्या वॉर्डात भोंगा वाजवून, लोकांना घराबाहेर काढून असा सराव कधी झाला? झाला असेल तर तारखेसकट कमेंटमध्ये टाका.

दुसरी गोष्ट. बल्लारशाहला तीन रेल्वे भेटतात. वर्ध्याकडून मध्य रेल्वे, काजीपेटकडून दक्षिण मध्य, गोंदियाकडून दक्षिण पूर्व मध्य. मालगाडी एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाते, जबाबदारीही तशीच जाते. उद्या स्टेशनच्या तोंडाशी टाकी फुटली तर पहिला फोन कोण करणार, कोणाला करणार आणि वस्ती रिकामी करायचा हुकूम कोण देणार? तीन झोन आणि दोन जिल्हाधिकारी यांनी एका कागदावर सही करून हे आधीच ठरवलेलं असलं पाहिजे. आणि तो कागद लोकांना दिसला पाहिजे.

"सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही" हे उत्तर येणार, मला माहीत आहे. अहो, गाडीची वेळ कोण मागतंय? वर्षभरात कोणता माल किती गेला, एवढं सांगा. वॅगनवर तर आत काय आहे त्याचा नंबर रंगवलेलाच असतो. स्वयंपाकाचा गॅस १०७५, पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, अमोनिया १००५, क्लोरीन १०१७. नंबर सगळ्यांना दिसतो, त्याचा अर्थ तेवढा कोणी शिकवत नाही. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड, जमिनीलगत पसरतो. तेव्हा खड्ड्यात, तळघरात लपायचं नाही. वाऱ्याला आडवं निघून उंचावर जायचं, तोंडाला ओला कपडा लावायचा. स्वयंपाकाचा गॅसही जड, तो नालीतून वाहत जातो आणि लांबच्या चुलीवर पेटतो. गाडी काढायला किक मारली तरी भडका. हे शाळेत एका तासात शिकवता येतं.

"असं काही होत नाही," असंही म्हणू नका. १२ नोव्हेंबर २०२४ ला आपल्याच मार्गावर, रामगुंडमजवळ राघवपूरमला गाझियाबादकडे निघालेल्या मालगाडीच्या अकरा वॅगन घसरल्या. त्यात लोखंड होतं म्हणून निभावलं. १३ जुलै २०२५ ला तमिळनाडूत तिरुवल्लूरजवळ डिझेलची मालगाडी पेटली. आता कॅनडातलं मिसिसागा बघा. १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री तिथे गॅस आणि क्लोरीन असलेली मालगाडी घसरली, स्फोट झाले. कुठल्या वॅगनमध्ये काय आहे याची यादी काही तासांत बंबवाल्यांच्या हाती आली, दोन लाखांवर लोक बाहेर काढले आणि एकही माणूस मेला नाही. तिथे माणसं वाचली ती त्या यादीमुळे आणि वेळेवर सुटलेल्या हुकमामुळे.

एप्रिल २०२५ मध्ये गोंदिया-बल्लारशाह दुपदरीकरण मंजूर झालं. २४० किलोमीटर, ४,८१९ कोटी रुपये. वडसा-गडचिरोली मार्गाचंही काम सुरू आहे. स्वागतच आहे. पण रुळांना हजारो कोटी आणि भोंग्याला दमडी नाही, हे चालणार नाही. २७ नोव्हेंबर २०२२ ला बल्लारशाह स्टेशनच्या पादचारी पुलाचा स्लॅब कोसळून एका बाईचा जीव गेला, तेव्हा कुठे चौकशी सुरू झाली. या वेळी आधी जागे व्हा.

मागण्या चारच आहेत:
१. दोन्ही जिल्ह्यांतून गेलेल्या धोकादायक मालाचा प्रकार आणि वजन दरवर्षी मराठीत जाहीर करा.
२. टाक्यांच्या गाड्या वस्तीजवळ आणि प्रवासी फलाटालगत तासन्‌तास उभ्या करू नका.
३. रुळाकाठच्या प्रत्येक वॉर्डात भोंगा लावा, वर्षातून एकदा सराव घ्या.
४. बंबवाल्यांना आणि सरकारी दवाखान्यांना मास्क, सूट, औषधं आणि प्रशिक्षण द्या.

आमदार, खासदार, नगरसेवक मत मागायला येतात तेव्हा फाटकावर तेही अडकतात. पुढच्या वेळी समोरच्या वॅगनकडे बोट दाखवून त्यांना नंबरचा अर्थ विचारा. उत्तर काय मिळतं, ते इथे लिहा.