फ्रेंच आणि राज्यशास्त्र: मधल्या 'आणि'चं काय?

ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत 'फ्रेंच आणि राज्यशास्त्र' अशी चार वर्षांची जोडपदवी मिळते. पहिली दोन वर्षं आपल्या विद्यापीठात, तिसरं फ्रान्समध्ये किंवा फ्रेंच बोलणाऱ्या दुसऱ्या एखाद्या देशात, चौथं पुन्हा माघारी. मी ही पदवी घेतली आहे आणि घेतल्याचा आनंद आहे. तक्रार आहे ती तिच्या नावातल्या 'आणि'बद्दल. हा 'आणि' फक्त प्रमाणपत्रावर असतो. सोमवारी राज्यशास्त्राच्या इमारतीत जाऊन फ्रान्सच्या पाचव्या प्रजासत्ताकाबद्दल इंग्रजी पुस्तकं वाचायची. मंगळवारी भाषा विभागात जाऊन क्रियापदांची रूपं घोकायची, उतारे भाषांतरित करायचे, एखादी एकोणिसाव्या शतकातली कादंबरी वाचायची. दोन्हीकडच्या प्राध्यापकांची गाठ पडायची ती तास एकमेकांवर आले की, आणि तीही ईमेलवरून. दोन विषय जोडण्याचं काम पदवी करत नव्हती. ते पावसात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत धावणाऱ्या विद्यार्थ्यावर सोडलेलं होतं.

माझं म्हणणं असं की फ्रान्सचं राजकारण फ्रेंचशिवाय शिकवता येत नाही, आणि राजकारण काढून टाकलेली फ्रेंच ही भाषा म्हणून शिकवण्याच्या लायकीची उरत नाही. दोन्ही विभागांना हे तोंडदेखलं मान्य असतं. अभ्यासक्रम बघितला की कळतं, कुणालाच मान्य नाही.

एक शब्द घ्या. २ ऑक्टोबर २०२० रोजी पॅरिसजवळच्या ले म्युरो गावात राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी भाषण केलं आणि 'सेपाराटिस्म'विरुद्ध कायदा आणण्याची घोषणा केली. इंग्रजीत त्याचं 'सेपरेटिझम' झालं, आणि तिथून मराठीत आणायचं तर 'फुटीरतावाद'. हा शब्द वाचल्यावर मराठी वाचकाला काय आठवणार? खलिस्तान, काश्मीर, नागालँड. पण ले म्युरोत कुणी वेगळा देश मागत नव्हतं. एखाद्या समूहाने प्रजासत्ताकाच्या आत राहून आपली वेगळी शाळा, वेगळे क्रीडासंघ, वेगळे नियम चालवणं, याला मॅक्राँ तो शब्द वापरत होते. त्याआधी याच गोष्टीला 'कोम्युनोतारिस्म' म्हणायचे, आणि तिथे आणखीच गंमत. इंग्रजी राज्यशास्त्रात 'कम्युनिटेरियनिझम' हा विचारांचा एक प्रतिष्ठित पंथ आहे, चार्ल्स टेलरचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. सोमवारी आम्ही तो पंथ म्हणून आदराने वाचायचो. मंगळवारी तोच शब्द फ्रेंच वर्तमानपत्रात जवळजवळ शिवी म्हणून भेटायचा. पुढे २४ ऑगस्ट २०२१ला कायदा झाला, तेव्हा त्याच्या अधिकृत नावात 'सेपाराटिस्म' नव्हताच. 'प्रजासत्ताकाच्या तत्त्वांचा आदर दृढ करणारा कायदा' असं नाव आलं. भाषणात होता तो शब्द कायद्याच्या नावातून का गळला, हा अस्सल राज्यशास्त्राचा प्रश्न आहे. फ्रेंच न वाचणाऱ्याला तो पडतच नाही.

यावर राज्यशास्त्रवाले म्हणतात, भाषांतरं आहेत, आता तर यंत्रही क्षणात भाषांतर करतं. मग शाळेतल्या हिजाबाचं प्रकरण बघू, कारण ते जगभर शिकवलं जातं आणि जगभर एकाच शब्दावर भागवलं जातं. १९८९मध्ये तिथल्या कोन्सेय देताने, म्हणजे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सल्ला दिला तेव्हा विशेषण वापरलं 'ओस्तांतातोआर': मिरवलेलं, मुद्दाम डोळ्यात भरवलेलं. म्हणजे नुसता रुमाल डोक्यावर असून चालत नाही, मिरवण्याचा हेतू दिसायला हवा. २००३मध्ये संसदेच्या एका समितीने सुचवलं 'व्हिझिब्ल': जे जे दिसतं ते सगळं बंद, मग गळ्यातला बारीकसा क्रूसही त्यात आला. शेवटी १५ मार्च २००४च्या कायद्यात शब्द आला तो 'ओस्तांसिब्लमां', या दोहोंच्या मधला: पाहताक्षणी धर्माची ओळख सांगणारं. मुलीच्या मनात काय आहे हे आता तपासायला नको, आणि बारीक क्रूसही वाचला. पंधरा वर्षांचं राजकारण या तीन विशेषणांच्या मधल्या फटींत घडलं आहे. इंग्रजीत कायद्याच्या शब्दासाठी 'कॉन्स्पिक्युअस' आला, आणि आमच्या वर्गात त्या एका शब्दावर दोन आठवडे चर्चा चालली. चर्चा हुशार होती. जिच्यावर चालली होती ती वस्तूच टेबलावर नव्हती.

'लाइसिते'चंही तेच. तिला 'सेक्युलॅरिझम' म्हटलं की काम संपलं असं मानतात. ९ डिसेंबर १९०५चा राज्यसंस्था आणि चर्च वेगळे करणारा कायदा तिचा पाया, पण त्या कायद्यात हा शब्दच नाही. 'लाइक' हे विशेषण संविधानात आलं १९४६ला आणि मग १९५८च्या संविधानाच्या पहिल्या कलमात. आल्सास आणि मोझेल या भागांत तर १९०५चा कायदा आजही लागू नाही, कारण त्या वर्षी ते जर्मनीत होते. तिथल्या धर्मगुरूंचा पगार अजून सरकार देतं. खरं तर हे सगळं मराठी विद्यार्थ्याला इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळायला हवं. आपल्या उद्देशिकेत १९७६ला जो शब्द घातला गेला त्याचं मराठीत 'धर्मनिरपेक्ष' आणि हिंदीत 'पंथनिरपेक्ष' झालं, आणि त्या दोहोंतल्या फरकावर आपल्याकडे किती भांडणं झाली! शब्दाचा वाद हा राज्याचा वाद असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता भाषा विभागाकडे वळते. त्यांचा गुन्हा मला जास्त मोठा वाटतो, कारण त्यांच्या हातात असलेली भाषा मुळात सरकारी हुकमांनी वाढलेली आहे. १५३९मध्ये फ्रान्स्वा पहिला याने व्हिलेर-कोत्रे इथून फर्मान काढलं की न्यायालयाचे कागद फ्रेंचमध्ये लिहावेत. १७९४मध्ये आबे ग्रेग्वारने क्रांतीच्या संसदेपुढे अहवाल ठेवला. प्रादेशिक बोली नष्ट करून फ्रेंच सार्वत्रिक करण्याची गरज, हा त्याचा विषय. त्याच्या हिशेबाने शुद्ध फ्रेंच बोलणारे त्या वेळी तीस लाखांच्या वर नव्हते. हा ग्रेग्वार कुणी खलपुरुष नाही. यहुद्यांना नागरिकत्व मिळावं आणि गुलामगिरी बंद व्हावी म्हणून लढलेला हा माणूस, आणि त्याच तळमळीने ब्रेतों आणि ऑक्सितान भाषांच्या मुळावर उठलेला. मग शाळा आल्या, ब्रेतों बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शिक्षेची खूण अडकवण्याची पद्धत आली. 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे' हे वाक्य संविधानात आलं ते मात्र थेट १९९२ला. प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेवर फ्रान्सने १९९९ला सही केली, संविधान परिषदेने ती संविधानात बसत नाही म्हटलं, आणि मंजुरी अडली ती अडलीच. २०२१मध्ये संसदेने सगळे विषय प्रादेशिक भाषेतून शिकवू देणारा कायदा केला, तर त्याच परिषदेने ते कलम उडवलं.

भाषेच्या पायावर १९६०ला राज्य मिळवलेल्या मराठी माणसाला हे वाचताना चक्रावायला होतं. एकाच प्रजासत्ताकात भाषावार राज्यं असणं ही गोष्ट फ्रेंच घटनापंडिताला घर फोडल्यासारखी वाटेल. आपल्याला ती घर नीट लावल्यासारखी वाटते. फ्रेंचच्या पहिल्या वर्षाला याहून चांगला धडा कुठला? पण पहिल्या वर्षाला आम्ही काय शिकलो, तर क्रोसाँ मागवायचा कसा आणि मेट्रो बदलायची कुठे.

व्याकरण तरी राजकारणापासून दूर आहे का? शंभर बायका आणि एक पुरुष असला तरी फ्रेंचमध्ये अनेकवचन पुल्लिंगी होतं. त्यावर उपाय म्हणून दोन्ही लिंगांची रूपं मधल्या टिंबाने जोडून लिहायची पद्धत निघाली, तर २०१७मध्ये पंतप्रधानांनी परिपत्रक काढून सरकारी मजकुरात ती नको म्हणून सांगितलं. पंतप्रधान ज्यावर परिपत्रक काढतात तो विषय भाषा विभाग 'अपवाद' म्हणून अर्ध्या मिनिटात उरकतो.

साहित्यप्रेमी प्राध्यापकांचा आक्षेप ठरलेला: राजकारण घुसलं की भाषा हत्यार बनते, कविता मरते. मग एमे सेझेर कोणत्या विभागात शिकवायचा ते सांगा. मार्तिनीकचा हा कवी १९४५पासून १९९३पर्यंत फ्रान्सच्या संसदेत होता, आणि पन्नासहून जास्त वर्षं फोर-द-फ्रान्सचा महापौर. मार्तिनीक, ग्वादलूप, रेयुनियों, गयाना या जुन्या वसाहतींना फ्रान्सचे जिल्हे बनवणारा १९४६चा कायदा त्यानेच संसदेत मांडला. त्याच्या ओळीतली फ्रेंच आणि त्या कायद्यातली फ्रेंच एकाच हातची आहे. आमच्याकडे भाषा विभागाने त्याच्या कविता घेतल्या, राज्यशास्त्राने 'वसाहतवादाचा शेवट' नावाच्या प्रकरणात त्याला तळटीप दिली.

या पदवीत खरा 'आणि' होता तो तिसऱ्या वर्षात. फ्रान्समध्ये घटनात्मक कायद्याचा तास फ्रेंचमध्ये असायचा, आणि आपण भाषा शिकवतो आहोत याचा शिकवणाऱ्यांना पत्ता नसायचा. तिथे निबंध म्हणजे आधी एक नेमका पेच मांडायचा, मग दोन भाग, प्रत्येकाचे दोन उपभाग. तिसरा भाग काढला तर भुवया उंचावतात. मला हा साचा कधी आवडला नाही. पण फ्रान्सचे मंत्री आणि बडे अधिकारी असे का बोलतात हे मला त्या साच्यातून कळलं, फ्रेंच नोकरशाहीवरच्या कुठल्याच इंग्रजी ग्रंथातून कळलं नव्हतं. आणि पैसे वाचवायचे ठरले की पहिली कुऱ्हाड याच वर्षावर येते. इंग्लंडमध्ये २००४पासून चौदा वर्षांपुढे परकी भाषा शाळेत सक्तीची राहिली नाही, युरोपीय संघ सोडल्यावर ब्रिटन एरास्मसमधूनही बाहेर पडलं, आणि मग विद्यार्थी येत नाहीत म्हणून भाषा विभागच गुंडाळायची भाषा सुरू झाली.

ब्रिटनला नावं ठेवताना आपल्याकडचं झाकायचं कारण नाही. तिथे निदान नावात तरी 'आणि' आहे. पुण्या-मुंबईत फ्रेंच घेतात ती अकरावी-बारावीला गुण पडतात म्हणून. नंतर ए-वन ते बी-टूच्या पायऱ्या आणि कॅनडाच्या स्थलांतराचे गुण. त्यात पाप काही नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण बी-टू झालेल्या मुलामुलींना विचारा, मालीने २०२३च्या संविधानात फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा का काढला? फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेची सुरुवात १९७०ला नायजरची राजधानी नियामे इथे झाली, आणि तोच नायजर २०२५च्या मार्चमध्ये संघटनेतून बाहेर पडला, हे कसं? वर्गात फ्रेंच भाषक जगाचा रंगीत नकाशा टांगलेला असतो. तो रंग तिथे पोचला कसा आणि आता उडतोय का, ते अभ्यासक्रमाच्या बाहेर. उलट बाजूने, राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्याला आपण एकही परकी भाषा मागत नाही; फ्रेंच राज्यक्रांतीवर वीस गुणांचा प्रश्न मात्र हमखास विचारतो.

मागणी फार मोठी नाही. जोडपदवीत पहिल्याच वर्षी दोन विभागांच्या दोन शिक्षकांनी एका वर्गात, एका टेबलाशी उभं राहून शिकवलेला एक विषय असावा, आणि त्याचं पाठ्यपुस्तक म्हणजे फ्रान्सच्या संविधानाची पहिली दोन कलमं, फ्रेंचमध्ये. आणि आपल्या विद्यापीठांत फ्रेंचच्या पदवीला एक असं काम द्यावं, ज्यात शब्दकोशाइतकीच इतिहासाची गरज पडेल.

एक काम तर तयारच आहे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेयला बोटीतून उडी मारली, हे मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतं. सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या उडीनंतर फ्रान्समध्ये काय झालं ते मराठी सांगण्यात दोन वाक्यांत आटपतं. किनाऱ्यावर पकडून त्यांना परत बोटीवर सोपवलं, आणि झां जोरेसच्या 'ल्युमानिते' या समाजवादी दैनिकात मार्क्सचा नातू झां लाँगे याने ते प्रकरण लावून धरलं. त्याच्या दृष्टीने प्रश्न हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याएवढाच फ्रान्सच्या भूमीवरच्या आश्रयाच्या हक्काचा होता. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११च्या निकालात लवादाने म्हटलं, सोपवण्यात अनियमितता होती, पण ब्रिटनवर परत करण्याचं बंधन नाही. फ्रेंच डावे त्या महिन्यांत आपल्याच सरकारशी कोणत्या शब्दांत भांडत होते, हे वाचायला फ्रेंच लागते. त्या शब्दांचं वजन कळायला तिसऱ्या प्रजासत्ताकाचं राजकारण लागतं. 'ल्युमानिते'चे त्या काळातले अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' संग्रहात कुणालाही घरबसल्या फुकट उघडता येतात.