सेशन दप्तरी दाखल करा

'आपले सेशन संपले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.' शिष्यवृत्तीचे अर्ज भरणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, हे वाक्य त्याला तोंडपाठ असतं. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता हे अर्ज भरायचं कामही माझ्याकडे आहे. वर्ग सांभाळायचा, पालकांना फोन करायचे, कागद गोळा करायचे, अर्ज शेवटच्या पानापर्यंत आणायचा आणि तिथे हे वाक्य. भरलेलं सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

तक्रार केली की मदतकेंद्रावरून ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, ते सुरक्षिततेसाठी आहे." नाहीतर, "तुमचं नेट स्लो असेल." मला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. आमच्या शाळेच्या वाचनालयासाठी भाच्याच्या मदतीने मी एक छोटं वेब ॲप बनवलं, तेव्हापासून पडद्यामागे काय चालतं ते थोडंफार कळतं. त्या बळावर सांगते: कोण लॉगिन होऊन आत आलंय याची नोंद सर्व्हरच्या तात्पुरत्या मेमरीत किंवा वापरणाऱ्याच्या खिशात सोडून देणं हा निष्काळजीपणा आहे. ती नोंद डेटाबेसमध्येच हवी. हा प्रोग्रामर मंडळींचा आपसातला वाद म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याचा भुर्दंड आमची मुलं भरतात.

आधी शब्द समजून घेऊ. सेशन म्हणजे बैठक. हा इंग्रजी शब्द ज्या लॅटिन धातूतून आला त्याचा अर्थच बसणे. अरबीत बसण्याचा धातू जीम-लाम-सीन. त्यातून मजलिस आली, इजलास आला आणि मराठीने आपलासा केलेला जलसाही आला. बैठक म्हटली की कोण आलं, कधी आलं, कधी उठून गेलं हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. वेबची अडचण अशी की त्याची एचटीटीपी ही पद्धत मुळात विसराळू आहे. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते देतो आणि तुम्हाला विसरतो. पुढचं पान मागणारे तुम्ही त्याच्या लेखी नवखे असता. यावर १९९४ साली नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकीचा तोडगा काढला. ब्राउझरने एक चिठ्ठी जपायची आणि दर वेळी सर्व्हरला दाखवायची. चिठ्ठीवर साधारणपणे एक लांबलचक, अंदाज न करता येणारा क्रमांक असतो. तो क्रमांक कुणाचा, हे कुठे लिहून ठेवायचं? वाद आहे तो एवढाच.

पहिली पद्धत म्हणजे सर्व्हरच्या मेमरीत किंवा त्याच यंत्रावरच्या एखाद्या फायलीत. ही सोपी आहे, म्हणूनच बोकाळली आहे. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की मेमरीतल्या सगळ्या बैठका मोडल्या. शेवटच्या तारखेला गर्दी वाढली म्हणून एकाचे चार सर्व्हर केले, तर तुमची नोंद पहिल्याकडे आणि तुमची पुढची विनंती जाते तिसऱ्याकडे. तिसरा म्हणतो, तुम्ही कोण? नोड वापरणाऱ्यांचं एक्स्प्रेस-सेशन हे साधन काही न ठरवल्यास नोंदी मेमरीतच ठेवतं, आणि प्रत्यक्ष वापरासाठी ही सोय नाही असा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. पीएचपी मूळ मांडणीत फायली वापरतं आणि त्यांना १४४० सेकंदांची मुदत देतं. म्हणजे २४ मिनिटं. त्यानंतर ती फाइल केव्हाही कचरा म्हणून उचलली जाऊ शकते.

आता २४ मिनिटांत काय होतं ते आमच्या बाजूने पाहा. मुलाचं आडनाव शेख. इंग्रजीत ते आधारवर एका स्पेलिंगने, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुसऱ्या आणि बँकेच्या पासबुकावर तिसऱ्याच. कुठलं टाकायचं हे विचारायला आईला फोन करावा, तर ती कामावर. उत्पन्नाचा दाखला धाकट्या भावाच्या फायलीत. हे सगळं जुळवेपर्यंत आपण त्याच पानावर असतो, टाइपही करत असतो. पण पान पुढे पाठवेपर्यंत सर्व्हरला त्यातलं काहीच कळत नाही. त्याच्या हिशोबाने आपण झोपलेले आहोत. काम करणाऱ्या माणसाला गैरहजर ठरवणारी ही हजेरी आहे.

दुसरी पद्धत अलीकडच्या हुशार मंडळींची. सर्व्हरने काही लिहूनच ठेवायचं नाही. वापरणाऱ्याची सगळी ओळख एका टोकनमध्ये लिहायची, खाली सही ठोकायची आणि टोकन त्याच्याच हाती द्यायचं. जेडब्ल्यूटी या नावाने २०१५ साली याचा मानक मसुदा प्रसिद्ध झाला. सही असल्याने मजकुरात खाडाखोड करता येत नाही, हे खरं. पण हे शाळेच्या ओळखपत्रासारखं आहे. मुलाचं नाव पटावरून कमी झालं तरी ओळखपत्र त्याच्या गळ्यातच राहतं, आणि फक्त ओळखपत्र बघणारा शिपाई त्याला छापलेल्या तारखेपर्यंत आत सोडत राहतो. दिलेलं टोकन मुदतीआधी परत घ्यायचं तर रद्द टोकनांची यादी ठेवावी लागते, आणि ती यादी दर विनंतीला तपासावी लागते. म्हणजे डेटाबेस नको म्हणून निघालेला माणूस फिरून डेटाबेसच्याच दारात येतो.

टोकन परत घेणं इतकं महत्त्वाचं का? आमचे कितीतरी पालक अर्ज भरतात नेट कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात. घरी आल्यावर लक्षात येतं की लॉगआउट करायचं राहिलं. तिथे पुढच्या गिऱ्हाइकासमोर मुलाचं खातं उघडं पडलेलं असतं आणि त्यात बँक खात्याचा क्रमांक बदलण्याची सोयही असते. अशा वेळी घरच्या मोबाइलवरून 'सगळीकडून लॉगआउट करा' असं एक बटण दाबता आलं पाहिजे आणि दुकानातलं सेशन त्याच क्षणी मेलं पाहिजे. सर्व्हरकडे नोंदच नसेल तर तो खोडणार काय?

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २८ सप्टेंबर २०१८ रोजी फेसबुकने जाहीर केलं की हल्लेखोरांनी लोकांची प्रवेश-टोकनं पळवली आहेत. कंपनीने सुमारे ५ कोटी खात्यांची टोकनं रद्द केली, खबरदारी म्हणून आणखी ४ कोटींची, आणि ९ कोटी लोकांना पुन्हा लॉगिन करावं लागलं. प्रत्यक्षात सुमारे ३ कोटी खात्यांची टोकनं गेली होती, असं पुढे सांगण्यात आलं. पासवर्ड बदलायची गरज नव्हती, कारण चोरी पासवर्डची नव्हतीच, चालू बैठकीची होती. दिलेली टोकनं एका झटक्यात बाद करणं कंपनीच्या हातात होतं म्हणून निभावलं. आमच्या पोर्टलवर उद्या असं झालं, तर बाद करण्याची कळ कुणाच्या हातात आहे?

म्हणून तिसरी पद्धत: डेटाबेसमध्ये एक टेबल. त्यात दर बैठकीची एक ओळ. कोण, कधीपासून, शेवटची हालचाल कधी, मुदत कधीपर्यंत. चिठ्ठीवर फक्त क्रमांक. लॉगआउट म्हणजे ती ओळ खोडणं. सर्व्हर चार असोत की चाळीस, सगळे एकच वही पाहतात, आणि यंत्र बंद पडून चालू झालं तरी वही तिथेच असते. मराठीत दप्तर या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुलाच्या पाठीवरचं दप्तर आणि कचेरीतलं दप्तर. जबाबदारीची नोंद कचेरीच्या दप्तरात असते. ती मुलाच्या पाठीवर लादून हात झटकता येत नाहीत.

ही पद्धत महागडी किंवा अवघड आहे असंही नाही. जँगोमध्ये काहीही न बदलता सेशन डेटाबेसच्या टेबलात जातं. लारावेलने २०२४ मध्ये, अकराव्या आवृत्तीत, फायली सोडून डेटाबेस हीच मूळ मांडणी केली. त्याच वर्षी रेल्सच्या आठव्या आवृत्तीत आलेली लॉगिनची तयार मांडणीही सेशनचं वेगळं टेबल बनवून देते. सोय आयती हाताशी आहे.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला असा की दर विनंतीला डेटाबेसवर भार पडेल. एका क्रमांकावरून एक ओळ शोधणं हे डेटाबेसचं सगळ्यात हलकं काम आहे. जे पान जिल्हा, तालुका आणि शाळेच्या याद्या आणायला तेच दार दहादा ठोठावतं, त्याने अकराव्या खेपेची कुरकुर करू नये. गर्दी खरोखर मोठी असेल तर वाचनासाठी पुढे कॅशे ठेवा आणि मूळ नोंद डेटाबेसमध्ये राहू द्या. जँगोत ही जोडसोयही तयार आहे. 'शेवटची हालचाल' हा रकाना दर क्लिकला लिहायची गरज नाही, काही मिनिटांतून एकदा पुरे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मुदत लहान म्हणजे धोका कमी, असं सांगतात. दिलेलं परत घेता येत नाही तेव्हा लहान मुदत हाच एक आधार उरतो. नोंद हातात असेल तर मुदत माणसाच्या कामाला पुरेल इतकी ठेवा, संशय आला की ओळ खोडा, आणि बँक खाते बदलण्याआधी पासवर्ड पुन्हा विचारा. कुलूप तिजोरीला लावा, वर्गाच्या दाराला दर २४ मिनिटांनी नको.

मात्र टेबल केलं की जबाबदारी संपली, असं नाही. क्रमांक जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश ठेवा, म्हणजे टेबल फुटलं तरी त्यातून कुणाच्या बैठकीत घुसता येणार नाही. मुदत संपलेल्या ओळी नेमाने साफ करा. जँगोत त्यासाठी एक आज्ञा आहे, ती रोज चालवावी लागते, आपोआप चालत नाही. जँगोच्या मूळ टेबलात वापरणाऱ्याचा वेगळा रकाना नसतो, 'सगळीकडून लॉगआउट' हवं असेल तर तो जोडावा लागतो. आणि ही वही वापरणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, त्याच्या पाळतीसाठी नाही. कुठला फोन, कुठून आला, हे त्याला स्वतःला पाहता यावं इतपतच लिहा आणि वेळेत पुसा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बैठक संपणं आणि काम बुडणं या दोन गोष्टी वेगळ्या करा. अर्धवट भरलेला अर्ज सेशनला बांधू नका. तो मसुदा म्हणून वापरणाऱ्याच्या नावावर वेगळ्या टेबलात थोड्या थोड्या वेळाने जपत जा. मग सेशन संपलं तरी पुन्हा लॉगिन करून माणूस त्याच ओळीवर येतो. ही माझी लाडकी कल्पना नाही. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून २००८ साली आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वोच्च पातळीच्या निकषांत, हेच लिहिलं आहे: पुन्हा लॉगिन केल्यावर माहिती न गमावता काम पुढे चालू ठेवता यावं.

शाळांना आणि संस्थांना सॉफ्टवेअर विकायला माणसं येतात तेव्हा रंगीत पडदे दाखवतात. मुख्याध्यापकांनो, संस्थाचालकांनो, सही करण्याआधी त्यांना चार प्रश्न विचारा. सर्व्हर आत्ता बंद करून चालू केला तर माझ्या शिक्षिका बाहेर फेकल्या जातील का? दुसरीकडचं लॉगिन मला इथून बंद करता येईल का? किती क्षणात? आणि सेशन संपलं तर भरलेला अर्ज कुठे सापडेल? उत्तर 'सुरक्षिततेसाठी' या शब्दाने सुरू झालं, तर करारावर सही करू नका. मुलांचा अर्ज बुडाल्यावर त्या माणसाला कुणी जाब विचारत नाही; तो आम्हालाच विचारला जातो.