नियमात ‘जात’ लिहा!

द्रोणागिरीतला आपला पोरगा अमेरिकेत प्राध्यापक झाला, की आपण म्हणतो, सुटला जातीतून. पण विभागात आडनाव खोदून विचारणारा, जेवताना ‘शाकाहारी ना?’ म्हणून चाचपणारा देशबांधव भेटतोच. उद्या तोच बढतीच्या समितीवर बसला तर?

तक्रारीसाठी नियमात शब्द हवा. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये ‘जात’ भेदभावविरोधी धोरणात आणली. २०२३ मध्ये मात्र कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसं विधेयक फेटाळलं. म्हणे, आहे तो कायदा पुरेसा आहे. ज्याचं नावच कायद्यात नाही, तो अन्याय सिद्ध कसा करायचा?

बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबियात जातीवर निबंध वाचला होता. मित्रांनो, रुजू होण्याआधी धोरण वाचा. शब्द नसेल तर संघटित होऊन मागा.

जय भीम!