तंबू पाण्यापासून दूरच हवा



लहान मुलांसह तंबूतल्या मुक्कामाला पवना धरणाचा काठ उत्तम, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. धरणाचा काठ म्हणजे चौपाटी नव्हे. पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून सुकून तडकलेला दिसतो, पण आत पाय रुततो. पाण्याखाली जुनी शेते, बांध असल्याने दोन पावलांवर खोली बदलते. ‘आईवडील लक्ष ठेवतातच’ हा युक्तिवाद दिवसापुरता खरा. रात्री मूल तंबूची चेन उघडून बाहेर पडले तर? तीन वर्षांचे मूल घोटाभर पाण्यातही बुडू शकते, तेही आवाज न करता. तंबू गावालगतच्या उंच, सपाट माळावर, संडास आणि पक्का रस्ता जवळ असेल तिथेच लावावा. पाणी सकाळी बोट धरून दाखवता येईलच.

– एक वाचक, पुणे