ग्रंथसहवास : हसू कोणाला?

गेल्या महिन्यात एक चिमुकली इंग्रजी कादंबरिका वाचनात आली. नाव मात्र लांबलचक : ‘द ऑर्डर ऑफ द प्युअर मून रिफ्लेक्टेड इन वॉटर’, म्हणजे ‘जळी बिंबलेल्या निर्मळ चंद्राचा पंथ’. लेखिका झेन चो मूळच्या मलेशियाच्या, वास्तव्य इंग्लंडात. पुस्तक २०२० सालचे. दोन बैठकींत ते संपले आणि हसता हसता मला एक जुनी लाज आठवली.

कथेचा प्रारंभ एका कॉफीच्या दुकानात होतो. वाढपाचे काम करणाऱ्या मुलीने आपल्यावर मंत्रप्रयोग केला, अशी एका गिऱ्हाइकाची तक्रार! एक देखणा दरोडेखोर तिची बाजू घेतो, हाणामारी होते, आणि नोकरी जाते ती त्या मुलीचीच. ही गुएत इम एका उद्ध्वस्त मठातील भिक्षुणी. ती सरळ दरोडेखोरांना गाठते आणि ‘मला तुमच्यात घ्या’ म्हणून हटून बसते. आपल्या देखणेपणाची पुरती जाणीव असलेला नायक लाउ फुंग चेउंग, आणि टोळीचा भार मुकाट्याने वाहणारा अबोल तेत सांग : या तिघांचे संवाद हेच पुस्तकाचे खरे धन.

दोष सांगितलाच पाहिजे. पात्रे जितकी भरीव, तितके त्यांचे जग विरळ. मलायात १९४८ ते १९६० या काळात ब्रिटिशांनी पुकारलेल्या आणीबाणीची छाया कथेवर आहे. त्या काळी सरकार कम्युनिस्ट बंडखोरांना प्रथम ‘डाकू’च म्हणत असे, १९५२ साली तो शब्द बदलला. हे ज्याला ठाऊक, त्याला कथेतल्या दरोडेखोरांचा निराळाच अर्थ लागेल. इतरांना मात्र युद्ध दूरच राहते. मठाचा विध्वंस कळतो, पण भिडत नाही. कारण तो मठ नांदता असा आपण पाहिलेलाच नसतो.

तरीही हे पुस्तक मला मोलाचे वाटले, ते तेत सांगमुळे. हा एकेकाळी गुएत इमच्याच पंथातील भिक्षुणी होता. आता तो पुरुष म्हणून जगतो, म्हणून मीही ‘तो’च लिहितो. लेखिका सर्वांची थट्टा करते : नायकाच्या रूपाची, भिक्षुणीच्या हट्टाची, दरोडेखोरांच्या भित्रेपणाची. तेत सांगच्या या गुपिताला मात्र ती कधीही विनोदाचा विषय करीत नाही.

आणि मला एक लग्नघर आठवले. नाजूक चालीच्या एका मुलाला पंगतीत कोणीसे ‘शिखंडी’ म्हटले. सारे हसले, मीही हसलो. तो पान अर्धे टाकून उठला. महाभारतातला शिखंडी कन्या म्हणून जन्मला, पुत्र म्हणून वाढला, महारथी म्हणून लढला. आपण त्याच्या नावाची शिवी केली!

वाचकहो, विनोदाला बंदी घालावी असे कोण म्हणेल? पण पंगतीतला प्रत्येक जण पोटभर जेवून उठेल, असेही हसता येते. या छोट्या पुस्तकाने ते करून दाखविले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते आधी वाचावे, आणि मग मुलांच्या हाती द्यावे.